लोक खाली स्क्रोल करत नाहीत? कोण म्हणतं!

लातूरला क्लासचे लँडिंग पेज (जाहिरातीवर टॅप केलं की उघडतं ते पान) बनवणारे अजूनबी हेच सांगायलेत की लोक खाली स्क्रोल करत नाहीत, म्हणून फॉर्म, फोन नंबर, टॉपरचे फोटो सगळं पहिल्याच स्क्रीनवर कोंबा. लै जुनं झालं हे. 1994 च्या सुमाराला याकोब नील्सनला (लोक वेबसाइट कशी वापरतात याचा अभ्यास करणारा) तसं दिसलं होतं खरं, पण 1997 मधे त्यानंच ते मागं घेतलं. त्याच्याच कंपनीच्या आय-ट्रॅकिंगमधे (नजर कुठं अन किती वेळ राहते ते मोजणं) 2010 ला बघण्याचा 80 टक्के वेळ पहिल्या स्क्रीनवर जायचा, 2018 ला 57 टक्के. म्हणजे वरचा भाग महत्त्वाचा आहेच, पण माणूस खाली जातो.

आता बगा, नीट रिपीटर बॅचसाठी परभणीहून मोबाईलवर पेज उघडणारा बाप आधी फी किती, हप्ते पडतात का, होस्टेल-मेस कशी हे शोधतो, अन ते कळायच्या आधीच नंबर मागितला तर कामून देईल, रोज कॉल करून डोकं खातील म्हणून बॅक दाबतो. वर बॅच कुणासाठी, कधीपासून अन एक बटण बास. खाली फी, होस्टेल, मग फॉर्म, त्यात नाव अन मोबाईल (आईचं नाव कशाला पाहिजे राव?). अन तो टॉपरच्या फोटोंचा जड स्लायडर (सरकणारी फोटोपट्टी) आधी काढा, गावाकडच्या नेटवर पेज उघडूच देत नाही.