हवालदार कळतो, ‘पीओ’ कळत नाही: खलाशाच्या हुद्द्यामागचा इतिहास

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गावांत ‘हवालदार’ म्हटलं की फोड करून सांगावं लागत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रंगरुटांचं प्रशिक्षण १९२२ पासून बेळगावच्या कॅम्पात होतं. शंभर वर्षांत नाईक, हवालदार, सुभेदार हे हुद्दे घराच्या पाटीवर, लग्नपत्रिकेत आणि हाकेत मुरले. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी माणूस ‘सुभेदार काका’च राहतो. त्याच गल्लीतला पोरगा नौदलात गेला तर तो मात्र नुसता ‘नेव्हीत’ असतो. लीडिंग आहे की चीफ, तोफेवर आहे की इंजिनात, हे घरच्यांनाही धड सांगता येत नाही. ‘पेटी ऑफिसर’, म्हणजे ‘पीओ’, म्हटलं तर निम्म्यांना हार्मोनियम आठवते, उरलेल्यांना तो साहेब वाटतो. दोन्ही चूक. ही पेटी म्हणजे फ्रेंच ‘पेती’, धाकटा. आणि पेटी ऑफिसर हा फौजेतल्या हवालदाराच्या बरोबरीचा.

बाकीचा मेळ असा बसतो. लीडिंग सीमन म्हणजे नाईक. चीफ पेटी ऑफिसर म्हणजे नायब सुभेदार. मास्टर चीफ पेटी ऑफिसर द्वितीय श्रेणी म्हणजे सुभेदार, प्रथम श्रेणी म्हणजे सुभेदार मेजर. माजी सैनिकाचा अर्ज भरताना घोळ होतो तो इथेच. आणखी एक फसगत ‘कॅप्टन’ या शब्दाची: नौदलातला कॅप्टन फौजेतल्या कर्नलच्या बरोबरीचा, तर फौजेतला कॅप्टन नौदलातल्या लेफ्टनंटच्या.

पण हा मेळ अर्धाच. फौजेत ‘हवालदार’ एवढ्यावर भागतं, खलाशाचं नुसत्या हुद्द्यावर भागत नाही. त्याच्या नावाआधी दोन गोष्टी लागतात: तो किती वर आहे आणि त्याच्या हाताला काय येतं. इंग्रजीत या दुसऱ्या गोष्टीला ‘रेटिंग’ म्हणतात. शिडांच्या काळात ब्रिटिश जहाजावर नवा माणूस आला की कप्तान त्याची पारख करून हजेरीबुकात प्रत, म्हणजे दर्जा, लिहायचा. समुद्र न पाहिलेला तो लँड्समन, थोडं जमणारा ऑर्डिनरी, आणि शीड गुंडाळणं, दोर ओढणं, सुकाणू धरणं हे सगळं येणारा एबल. ही नोंद त्या जहाजापुरती असे आणि कप्तान ती खालीही उतरवू शकत असे. अधिकाऱ्याची सनद राजाची, खलाशाची प्रत कामावर मिळवलेली. पुढे नोकऱ्या कायमच्या झाल्या, तरी खलाशाला ‘रेटिंग’ म्हणायची रीत ब्रिटिश नौदलात टिकली आणि तिथून ती आपल्याकडे आली.

आपल्याकडे त्याआधी नावं नव्हती असं मात्र नाही. पश्चिम किनाऱ्याच्या गलबतांवर नाखवा, सारंग, टंडेल, सुकाणी ही उतरंड जुनीच. नाखवा फारसीतल्या ‘नाखुदा’वरून, म्हणजे नावेचा धनी. सारंग फारसी ‘सरहंग’वरून. शिवकालीन आरमारात ‘दर्यासारंग’ हा किताब होता, कान्होजी आंग्र्यांना ‘सरखेल’. यातली किती नावं पुढे आडनावं झाली ते कोकणात आणि कारवारात कुठल्याही मतदार यादीत दिसेल. कंपनीच्या आणि पुढे बोटकंपन्यांच्या जहाजांवर भारतीय खलाशांना लास्कर म्हणत, फारसी ‘लष्कर’वरून. त्यांच्यात कामाची वाटणी नावातच होती. सारंग सगळ्यांचा मुकादम, टंडेल त्याचा हाताखालचा, सुकाणी चाकावर, ‘कसब’ नावाचा माणूस कोठारावर, भंडारी चुलीवर, टोपास सफाईला. वाफेची जहाजं आल्यावर बॉयलरपाशी आगवाला, इंजिनाला वंगण घालणारा तेलवाला आणि कोळसा ओढणारा कोयलावाला. ‘आगवाला’ हाक मारली की कुणी यायचं, हे विचारायची सोयच उरत नाही. हुकूमही असेच आखूड. ‘हबेस’ म्हणजे वर ओढ, ‘आऱ्या’ म्हणजे खाली सोड. हा दुसरा पोर्तुगीज ‘अर्रिआर’चा अवतार. वारा, लाटा आणि यंत्रांच्या आवाजात लांब शब्द पोचत नाही, म्हणून जहाजावरचा शब्द दोन-तीन अक्षरांत बसवलेला असतो. हुद्द्यांनाही तोच नियम.

१९३४ मध्ये रॉयल इंडियन मरीनचं रॉयल इंडियन नेव्ही झालं. तोवर या दलाचे खलाशी मुख्यतः रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमान घरांतले. नव्या दलात ब्रिटिश पद्धतीची नावं रुळली: सीमन, स्टोकर, सिग्नलमन, टेलिग्राफिस्ट. महायुद्धात भरती झपाट्यानं वाढली, आणि बिनतारी, सांकेतिक संदेश अशा कामांसाठी मॅट्रिक झालेली, इंग्रजी येणारी मुलं देशभरातून आली. कसबाचा बिल्ला दंडावर, पण वागणूक हमालाची. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत ‘तलवार’ या संदेशविद्येच्या तळावर जेवणावरून आणि कमांडिंग अधिकाऱ्याच्या शिवीगाळीवरून काम बंद पडलं, ते याच मुलांनी पाडलं. संप समितीच्या पुढाऱ्यांची नावं इतिहासात कशी नोंदली गेली पाहा: लीडिंग सिग्नलमन एम. एस. खान, पेटी ऑफिसर टेलिग्राफिस्ट मदन सिंग. हुद्दा आणि कसब, दोन्ही. संपकऱ्यांनी दलाचं नावही बदलून ‘इंडियन नॅशनल नेव्ही’ केलं होतं. ते पाच-सहा दिवस टिकलं.

कसबाचं नाव काढून घेतलं तर काय होतं, याचा सगळ्यात स्वच्छ दाखला मात्र अमेरिकेचा आहे. तिथे खलाशाची ओळख एका जोडाक्षरासारखी लिहितात. ‘बीएम २’ म्हणजे बोसन्स मेट (डेकवरच्या कामाचा माणूस), पेटी ऑफिसर द्वितीय श्रेणी. पहिली अक्षरं कसबाची, आकडा हुद्द्याचा. चीफ झाला की आकडा जाऊन ‘बीएमसी’, त्यावर सीनियर चीफ ‘बीएमसीएस’, सर्वांत वर मास्टर चीफ ‘बीएमसीएम’. दंडावरच्या बिल्ल्यावर गरुड, त्याखाली कसबाची खूण, त्याखाली फिती. बोसनला आडवे-तिडवे दोन नांगर, तोफवाल्याला दोन तोफा, सुकाणूवाल्याला चाक. कसबाच्या अशा खुणा तिथे १८६६ पासून आहेत.

२९ सप्टेंबर २०१६ ला नौदल सचिव रे मेबस आणि नौदलप्रमुख ॲडमिरल जॉन रिचर्डसन यांच्या कारकिर्दीत हुकूम निघाला: सगळी ९१ कसबनामं रद्द. यापुढे ‘बीएम २ अमुक’ नाही, फक्त ‘पेटी ऑफिसर सेकंड क्लास अमुक’. कसब उरेल ते कागदावर, संकेतांकात. कारणं दोन दिली. एक, नावातलं ‘मॅन’ काढून ती स्त्री-पुरुष दोघांना चालतील अशी करायची होती. त्या वर्षाच्या सुरुवातीपासूनच त्याचा आढावा चालू होता. दुसरं, एका कसबातून दुसऱ्यात जाणं आणि नौदल सोडल्यावर बाहेर नोकरी मिळवणं सोपं व्हावं. दुसरं कारण खोटं नव्हतं. ‘गनर्स मेट’ म्हणजे काय काम, हे बाहेरच्या मालकाला खरंच कळत नाही. आपल्याकडेही बँकेच्या मुलाखतीला गेलेल्या माजी खलाशाला हाच त्रास.

चूक झाली ती पायरी चुकल्यामुळे. मोजकी ‘मॅन’वाली नावं बदलायची होती, काढली सगळीच. नवी व्यवस्था पुरती उभी राहायच्या आत जुनी मोडली. आणि जहाजावर नाव हे हत्यार असतं, हे विसरलं गेलं. एका डेकवर दहा पेटी ऑफिसर असताना ‘पेटी ऑफिसर’ अशी हाक मारली तर दहा माना वळतात. जखमी पडल्यावर हवा असतो तो कोअरमन, ज्याला सगळे ‘डॉक’ म्हणतात. बोसनला ‘बोट्स’, तोफवाल्याला ‘गन्स’. या हाका हुकमानं थांबणार नव्हत्या, थांबल्याही नाहीत. व्हाइट हाउसकडे केलेल्या विनंती अर्जावर एक लाखावर सह्या झाल्या. २१ डिसेंबरला, म्हणजे ८३ दिवसांत, हुकूम मागे. कसबावरच्या निष्ठेचा आपला अंदाज चुकला, असं रिचर्डसन यांनी कबूल केलं. कसब बदलण्याची सोय करायचं काम मात्र पुढे चालू राहिलं. ते नावं न काढताही करता येत होतं.

बेळगावच्या वाचकाला यात नवल वाटू नये. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर ‘बेळगावी’ आहे, मराठी तोंडात बेळगाव.

पण प्रत्येक बदल फसतोच असंही नाही. १९६५ मध्ये फौजेतला ‘जमादार’ जाऊन ‘नायब सुभेदार’ आला आणि रुळला. सुभेदार हा शब्द आधीच घरोघरी होता, नव्या नावाला त्याच्या शेजारी जागा मिळाली. नौदलातही स्टोकर गेला, कारण कोळसाच गेला. त्याचं काम करणारा आज इंजिनिअरिंग शाखेचा मेकॅनिक आहे. टोपासचा हायजिनिस्ट झाला, कुकचा शेफ. इथे काम तेच, फक्त नावाला चिकटलेली हीनता काढायची होती. गंमत म्हणजे ब्रिटिश नौदलात इंजिनवाल्यांना आपसात ‘स्टोकर’ म्हणणं कोळसा गेला तरी सुटलं नाही.

आज सीमाभागातला मुलगा नौदलात जातो तो आधी ओडिशातल्या ‘आयएनएस चिल्का’वर. मग शाखेप्रमाणे वाटा फुटतात: इंजिनवाले लोणावळ्याला ‘शिवाजी’वर, विजेचे जामनगरला ‘वलसुरा’वर, तोफेचे कोचीला ‘द्रोणाचार्य’वर, कोठार आणि स्वयंपाकाचे मालाडला ‘हमला’वर. त्याची ओळख घडते ती इथे. म्हणून घरच्यांनी हुद्द्याबरोबर शाखाही विचारावी. ‘पीओ झाला’ ही निम्मी बातमी.

४ डिसेंबर २०२३ ला मालवणात, सिंधुदुर्गासमोर, पंतप्रधानांनी नौदलाचे हुद्दे भारतीय परंपरेप्रमाणे ठेवण्याची घोषणा केली. त्याच्या सव्वा वर्ष आधी, २ सप्टेंबर २०२२ ला, नौदलाच्या निशाणावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला होता. निशाण बदलणं तुलनेनं सोपं, ते कुणाला हाक मारत नाही. हुद्द्याचं नाव ध्वनिवर्धकावरून एका दमात पुकारता यावं लागतं, आणि त्यात कसबाला जागा लागते. सारंग, टंडेल, सुकाणी या कसोटीला उतरतात. संस्कृतातून नव्यानं घडवलेला पाच-सहा अक्षरी समास उतरेल असं वाटत नाही.

बेळगावहून घाट उतरून कारवारला गेलं की ‘आयएनएस कदंब’ लागतो, २००५ मध्ये सुरू झालेला नौदलाचा तळ. त्याच किनाऱ्यावर मासेमारीच्या बोटीवर सगळ्यांना हुकूम देणाऱ्याला आजही तांडेल म्हणतात. तळाच्या भिंतीच्या आत डेकवरच्या माणसांना कामाला लावणारा बोसन असतो.