तापीकाठच्या यात्रा : पात्र भरलं, काठ अरुंद झाला

खान्देशात माणसांची सर्वांत मोठी गर्दी होते ती तापीच्या काठी. दत्तजयंतीला सारंगखेड्यात, महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताईनगरला, आणि प्रकाशाला तर वर्षभर. या काठांवर घाट, स्वच्छतागृहं, वाहनतळ, रस्ते हवेत ही मागणी दर यात्रेत होते. पण गेल्या 40-45 वर्षांत नदीच बदलली, हे त्या मागणीत फारसं येत नाही.

यातलं प्रकाशा फार जुनं गाव. 1955 मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापर्यंतची वस्ती उजेडात आली. तापी आणि गोमाईच्या संगमावरचं हे ठिकाण दक्षिणकाशी म्हणून ओळखलं जातं. काशीयात्रा करून आलेला माणूस इथे येऊन पूजा करतो, तेव्हाच यात्रा पुरी झाली असं मानतात. गुरू सिंह राशीत आला की गौतमेश्वराजवळ दर 12 वर्षांनी मोठी पर्वणी भरते. गुजरात आणि मध्य प्रदेशाच्या सीमा जवळ असल्याने भाविक तिन्ही राज्यांतून येतात.

वरच्या अंगाला तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव. याच परिसरात, मेहूणच्या तापीतीरी, शके 1219 म्हणजे 1297 मध्ये मुक्ताबाई अंतर्धान पावल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. महाशिवरात्रीला खान्देश, विदर्भ आणि मध्य प्रदेशातून दिंड्या येतात. सारंगखेड्याची ओळख एकमुखी दत्त आणि घोडेबाजार. गेल्या दशकात तिथे चेतक महोत्सव सुरू झाला आणि यात्रेकरूंबरोबर हौशी पर्यटकही येऊ लागले.

या तिन्ही ठिकाणी पूर्वी एक मोठी सोय नदीनेच केलेली असे. पावसाळा सरला की तापी आक्रसायची आणि दोन्ही बाजूंना वाळूचं रुंद पात्र उघडं पडायचं. बैलगाड्या तिथेच सुटायच्या, चुली तिथेच पेटायच्या, पाल तिथेच पडायचे. पाणी उथळ असल्याने म्हाताऱ्या बायाही निर्धास्त आंघोळ करायच्या. गर्दीला पसरायला जागा होती, म्हणून घाट लहान असला तरी निभावत असे.

1982 मध्ये हतनूर धरण झालं. त्याचे 41 दरवाजे पावसाळ्याच्या बातम्यांमुळे घराघरात माहीत आहेत. धरणाचा फुगवटा थेट संगमापर्यंत पोहोचला आणि चांगदेवच्या काठावर बारमाही पाणी आलं. पुढे खालच्या पट्ट्यात सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा ही बॅरेजेस, म्हणजे नदीपात्रातले दरवाज्यांचे बंधारे, उभी राहिली. शेतीला, गावांना पाणी मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. पण पावसाळ्यानंतर दरवाजे बंद होतात, पाणी अडतं, आणि यात्रेच्या दिवसांत जिथे वाळू असायची तिथे आता खोल पाणी असतं. पायरीखाली किती खोल आहे हे बाहेरून आलेल्या माणसाला कळत नाही. एकीकडे जागा कमी झाली आणि दुसरीकडे एसटीच्या जादा गाड्या, मोटारसायकली, चारचाकी यांमुळे माणसं एकाच दिवशी, त्याच चार-सहा तासांत येऊ लागली.

सोयींचं काम मात्र तुटक झालं. प्रकाशा आणि सारंगखेडा 1 जुलै 1998 ला नंदुरबार जिल्हा होईपर्यंत धुळ्याच्या कारभारात होती. तीर्थक्षेत्र विकासाचा निधी येतो, पण तो आधी सभामंडप, भक्तनिवास, कमानी यांकडे वळतो. काठावरचं रेलिंग, बायकांना कपडे बदलायला आडोसा, खोलीची पाटी ही कामं मागे पडतात, आणि माझ्या मते जीव वाचवणारी कामं हीच आहेत. चांगदेवला आणखी एक अडचण आहे. तिथलं मंदिर केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक असल्याने, स्मारकांच्या कायद्यात 2010 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर 100 मीटरच्या आत नवं बांधकाम चालत नाही, पुढच्या 200 मीटरसाठी परवानगी लागते. स्मारक जपलं जातं ही चांगलीच गोष्ट. मग तिथे यात्रेपुरती हलवता येणारी स्वच्छतागृहं आणि मंडप यांचाच विचार करायला हवा.

गर्दीच्या नियोजनाकडे राज्याचं खऱ्या अर्थाने लक्ष गेलं ते दोन आघातांनंतर. ऑगस्ट 2003 मध्ये नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन 39 जण गेले. जानेवारी 2005 मध्ये वाईजवळ मांढरदेवीला 300 च्या आसपास माणसं दगावली. त्याच वर्षी आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. येण्या-जाण्याचे वेगळे मार्ग, दुकानांना रस्त्यापासून अंतर, पोहणाऱ्यांची पथकं या गोष्टी यात्रेआधीच्या बैठकांत बोलल्या जाऊ लागल्या.

तापीकाठी मात्र आणखी एक प्रश्न त्या बैठकीत पहिल्यांदा विचारायला हवा : यात्रेच्या दिवशी पाण्याची पातळी कुठे ठेवणार? ती पाटबंधारे विभागाच्या हातात आहे. कोणत्या पायरीपर्यंत पाणी राहील हे आठवडाभर आधी ठरलं, तर त्यावरून दोर कुठे बांधायचा, होड्या कुठे थांबवायच्या आणि घाटावर एका वेळी किती माणसं सोडायची, हे पोलिसांना आणि ग्रामपंचायतीला ठरवता येईल.