क्लोज टु द एज

‘येस’ या इंग्लिश बँडची पाचवी ध्वनिमुद्रिका (सप्टेंबर १९७२). प्रोग्रेसिव्ह रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचे रॉक संगीत) कुठून ऐकायला घ्यावे, असे विचारल्यावर जाणकार ज्या मोजक्या तबकड्यांची नावे घेतात, त्यांतली ही एक. तिच्यावर रचना फक्त तीन. सुमारे १९ मिनिटांच्या शीर्षकरचनेने पहिली बाजू पुरी व्यापली आहे. दुसऱ्या बाजूला ‘अँड यू अँड आय’ आणि ‘सायबेरियन खत्रू’. तीन मिनिटांच्या गाण्यांवर रेडिओ चालत असताना असे करणे धाडसाचे होते. तरी ब्रिटनमध्ये ती चौथ्या आणि अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली.

शीर्षकरचनेमागे हेरमान हेस यांच्या ‘सिद्धार्थ’ (१९२२) या जर्मन कादंबरीची प्रेरणा आहे. कादंबरीचा नायक बुद्धकालीन भारतात भटकत अखेर नदीकाठी येतो. गायक जॉन अँडरसन यांनी त्यातली कथा घेतली नाही, नदी घेतली. गीताचे शब्द अर्थापेक्षा नादासाठी निवडलेले असल्याने ओळीओळीचा अर्थ लावत बसणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही.

सुरुवातीला पाण्याची झुळझुळ आणि पाखरांचा किलबिलाट ऐकू येतो. त्यावर स्टीव्ह हाउ यांची गिटार, ख्रिस स्क्वायर यांचा बास आणि बिल ब्रुफर्ड यांचे ड्रम एकदम कोसळतात. पहिल्यांदा ऐकताना हा नुसता गोंगाट वाटतो. मग त्यातूनच चाल वर येते. पुढे तीच चाल वेगळ्या ठेक्यावर परतते, आणि रचनेची खरी गंमत इथेच आहे. ख्यालाला सरावलेल्या कानांना १९ मिनिटे जड जाऊ नयेत. मात्र इथे एका रागाची बढत नाही, एकच चाल निरनिराळे वेश घेऊन येते. मध्यावर ठेका थांबतो, आवाज एकमेकांवर चढत जातात आणि रिक वेकमन यांचा चर्चमधला ऑर्गन घुमू लागतो. तो लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमध्ये ध्वनिमुद्रित केला होता. शेवटी पुन्हा पाणी आणि पाखरे.

हा प्रवाह अखंड वाटत असला, तरी तो सलग वाजवलेला नाही. अ‍ॅडव्हिजन स्टुडिओत लहान लहान तुकडे ध्वनिमुद्रित करायचे आणि फीत कापून जोडायची, अशी पद्धत होती. बँडसह निर्माते असलेले ध्वनिमुद्रक एडी ऑफर्ड यांचा वाटा म्हणूनच वादकांइतकाच मोठा.

वेष्टन रॉजर डीन यांचे. बाहेर फक्त गडद होत जाणारा हिरवा रंग आणि बँडचे पुढे प्रसिद्ध झालेले, वेटोळ्या अक्षरांचे बोधचिन्ह; आत कडांवरून पाणी सांडणारे अद्भुत पठार.

ध्वनिमुद्रिका बाजारात येण्याआधीच ब्रुफर्ड ‘किंग क्रिमसन’ या दुसऱ्या बँडमध्ये निघून गेले. अमेरिका दौरा तोंडावर होता; त्यांच्या जागी आलेले ड्रमवादक अ‍ॅलन व्हाइट यांना अवघ्या काही दिवसांत सगळे बसवून घ्यावे लागले. ‘येससाँग्ज’ (१९७३) या मैफिलींच्या संचात शीर्षकरचनेवर त्यांचेच ड्रम आहेत.