कोपऱ्यातला कर्णा : घरगुती हॉर्न स्पीकरची पार्श्वभूमी

मराठीत ‘कर्णा’ म्हटलं की ग्रामोफोन आठवतो आणि ‘भोंगा’ म्हटलं की सभा. घरी ऐकण्याचा हॉर्न स्पीकर या दोन्हींत बसत नाही, म्हणून ‘हॉर्न’ हाच शब्द बरा. त्यातही घोळ आहेच. जुन्या पेट्या विकताना तिघांनाही हेच नाव लावतात: फक्त वरचे स्वर हॉर्नमधून सोडणाऱ्या, स्पीकरच्या पाठीमागचा आवाज हॉर्नमधून काढणाऱ्या, आणि खर्जासकट सगळंच हॉर्नमधून देणाऱ्या. खरी परीक्षा तिसऱ्या प्रकाराची, कारण खर्जाला जागा लागते.

५० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ६.९ मीटर. मोकळ्या हवेत तो नीट सोडायचा तर हॉर्नच्या तोंडाचा घेर साधारण तेवढा हवा, म्हणजे व्यास दोन मीटरहून जास्त. दिवाणखान्यात हे कसं मावणार? यावर १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये कोपऱ्याचा उपाय पुढे आला. दोन भिंती आणि जमीन मिळाली की आवाजाला पसरायला अवकाशाचा आठवा भागच उरतो, आणि तोंडाचं क्षेत्रफळही आठवा हिस्सा पुरतं. अमेरिकेत आर्कान्सामधल्या होप या गावी १९४६ पासून बनू लागलेल्या क्लिप्शहॉर्नने हेच तत्त्व टोकाला नेलं: खर्जाचा हॉर्न लाकडी पेटीत घडी घालून बसवला आणि त्याचा शेवटचा भाग घराच्या भिंतींवर सोपवला.

वाद याच निर्णयावर आहे. कोपऱ्यातून खोलीतले सगळे घुमे (ठराविक स्वरांवर खोलीचं स्वतःचं घुमणं) जागे होतात, भिंत पोकळ असेल तर खर्ज गळतो, आणि पेटी हलवायची सोय नाही. आक्षेप खरे आहेत. तरी मला तो निर्णय योग्यच वाटतो. तेव्हाचे व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारे) अ‍ॅम्प्लिफायर जेमतेम ८-१० वॉटचे असत आणि हॉर्न त्यातल्या प्रत्येक वॉटचं चीज करी. एका वॉटला १०० डेसिबलच्या वर आवाज मिळे, स्पीकरचा पडदा अगदी थोडा हले, त्यामुळे आवाजातली विकृती कमी. मंद आवाजातही डग्ग्यावरची थाप अंगावर येते ती म्हणूनच.

१९५४ मध्ये लहान बंद पेटीतून खोल खर्ज काढणारी रचना आली. ती वॉट खाई, पण फळीवर मावे. १९५८ पासून स्टीरिओ रेकॉर्डी घरोघरी जाऊ लागल्या आणि एकाऐवजी दोन मोकळे कोपरे हवे झाले, तेही योग्य अंतरावर. मध्येच दार किंवा खिडकी आली की संपलं. पुढे ट्रान्झिस्टरने वॉट स्वस्त केले आणि हॉर्नची निकड गेली.

पुढे जपानी शौकिनांनी अमेरिकी चित्रपटगृहांतले जुने हॉर्न घरी नेऊन जपले आणि त्यांना पुन्हा ८ वॉटचेच व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर जोडले. क्लिप्शहॉर्न अजूनही बनतो. अलीकडच्या आवृत्तीत खर्जाच्या पेटीची पाठ बंद केली आहे, त्यामुळे ती भिंतीला घट्ट चिकटवावी लागत नाही.