लुसितानो: बैलासमोर घडलेला घोडा

लुसितानो ही पोर्तुगालच्या घोड्यांची फार प्राचीन जात असल्याचे सांगतात. इबेरियातल्या, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पातल्या, घोड्यांबद्दल एकूण बोलायचे तर ते खरेही आहे. रोमन काळापासून इथल्या घोड्यांचे आणि स्वारांचे नाव होते. पण आज ज्या नोंदवहीवरून एखादे शिंगरू लुसितानो ठरते, ती 1967 सालची आहे. त्याआधी पोर्तुगाल आणि स्पेन या दोन्ही देशांतले घोडे बाहेरच्या जगात ‘आंदालुसियन’ म्हणूनच ओळखले जात. वेगळी वही उघडली, तोवर दोन्हीकडच्या घोड्यांत फरक पडून गेला होता. त्याचे कारण रक्तापेक्षा कामात शोधावे लागते.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनच्या गादीवर बुर्बाँ घराणे आले. राजा पाचवा फिलिप याला सरदारांनी घोड्यावरून बैलाशी झुंजणे पसंत नव्हते. दरबाराची मर्जी फिरली तशी ती प्रथा मागे पडली आणि पायी झुंजणारे लोक पुढे आले. स्पेनचा घोडा हळूहळू मिरवणुकीचा आणि गाडीचा झाला. पोर्तुगालमध्ये स्वार बैलासमोर कायम राहिला, आणि पुढच्या दोनशे वर्षांत कोणत्या घोड्याची वीण धरायची हे बैलाने ठरवले.

ते कसे, हे समजण्यासाठी रिंगणात काय होते ते पाहावे. पोर्तुगीज पद्धतीत बैलाच्या शिंगांची टोके कातड्याने झाकलेली असतात. स्वार समोरून बैलाकडे जातो, शेवटच्या क्षणी घोड्याला बगल द्यायला लावतो, बैलाच्या खांद्यात फार्पा नावाचा काटेरी दांडा रोवतो आणि तिरप्या चालीत निसटतो. एक हात दांड्यात गुंतलेला, म्हणून लगाम दुसऱ्या हातात; बाकी सगळे मांडीने आणि बैठकीने सांगायचे. घोड्याला शिंग लागणे ही स्वाराची नाचक्की मानतात. शेवटी फोर्कादो म्हणवले जाणारे आठ जण पायी उतरून बैलाला हातांनी धरतात. रिंगणात बैल मारण्यावर 1928 पासून कायद्याने बंदी आहे. हा खेळ आवडो न आवडो (पोर्तुगालमध्येही त्यावर कडाक्याचा वाद आहे), या कामासाठी घोड्यात काय हवे ते उघड आहे: आखूड पाठ, भक्कम कंबर, पोटाखाली चटकन येणारे मागचे पाय, धावताना क्षणात पाय बदलण्याची सवय. आणि बैल अंगावर येताना पळ न काढता स्वाराचे ऐकत राहणारे डोके. तापट, पण स्वाराच्या कह्यात, असा हा स्वभाव विणीनेच आला आहे.

दुसरा धागा राजवाड्यातला. 1748 मध्ये पोर्तुगालचा राजा पाचवा जुवांव याच्या काळात ब्रागांसा राजघराण्याने आलेंतेजु प्रांतात शाही पागा उभी केली, ती पुढे आल्तेर दु शांव गावाच्या नावाने ओळखली गेली. आंदालुसियातून घोड्या आणून तिथे दरबारी अश्वशाळेसाठी घोडे तयार होत. हे आल्तेर रेयाल घोडे बहुतेक कुमाईत, म्हणजे तपकिरी अंगाचे आणि काळ्या आयाळीचे. मांडीवर मुकुटासह ‘एआर’ हा डाग. मार्क्विस दि मारियाल्वा, जन्म 1713, मृत्यू 1799, हा राजा जुझे याचा अश्वाधिकारी. त्याच्या काळातली शिस्त 1790 मध्ये मानुएल कार्लुश दि आंद्रादि याने भल्याथोरल्या सचित्र ग्रंथात मांडली. पोर्तुगालमध्ये आजही या परंपरेला ‘मारियाल्वाची कला’ म्हणतात. 1979 मध्ये स्थापन झालेली लिस्बनजवळची पोर्तुगीज अश्वकला शाळा आल्तेरचेच घोडे आणि अठराव्या शतकातला पोशाख वापरते. नुनो ऑलिव्हेरा या विसाव्या शतकातल्या गुरूने हीच शैली, हलक्या हाताची, जगभरच्या स्वारांपर्यंत पोचवली. 2024 मध्ये युनेस्कोने पोर्तुगालच्या अश्वकलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

इथे गोव्याबद्दल एक गैरसमज दूर करावासा वाटतो. पोर्तुगीजांनी गोव्यात घोड्यांचा प्रचंड व्यापार केला आणि विजयनगर हे त्याचे मोठे गिऱ्हाईक होते. पण ते घोडे होर्मुझ आणि अरबस्तानच्या बंदरांतून जहाजाने येत. दख्खनच्या घोड्यांत लुसितानोचे रक्त शोधायला त्यातून आधार मिळत नाही.

आल्तेरची गाथा सरळ नाही. नेपोलियनच्या फौजांनी पागा लुटली. एकोणिसाव्या शतकात अरबी आणि इतर रक्त मिसळून पाहिले, त्याने घोडा सुधारण्याऐवजी मूळ ठेवण बिघडली. 1910 मध्ये राजेशाही गेली आणि पागेचे दिवस संपल्यात जमा झाले. रुई दि आंद्रादि या अभ्यासू पैदासकाराने दोन नर आणि मूठभर घोड्या सांभाळल्या, जवळच्या नात्यात वीण करत ठेवण परत आणली आणि 1942 मध्ये तो कळप कृषी मंत्रालयाकडे दिला. वैगा घराण्याने मात्र केवळ बैलाच्या रिंगणासाठी वीण चालवली: लहान चणीचे, बाकदार नाकाचे, विलक्षण चपळ घोडे. आजच्या लुसितानोचे मुख्य प्रवाह चार: आल्तेर, वैगा, आंद्रादि आणि सरकारी पागा. वंशाच्या मुळाशी पाच नर आणि एक घोडी मानतात: रेजेदोर (1923), प्रिमोरोझा (1927), देश्तिनादु (1930), मारियाल्वा दुसरा (1930), आगारेनु (1931) आणि घोडी उशारिया (1943).

पैदासकारांची संघटना 1989 मध्ये झाली. जातीचे मानक मोजके आहे: वजन सुमारे 500 किलो, बाजूने पाहिल्यास शरीर चौरसात बसणारे, चेहऱ्याची रेषा किंचित बाकदार, सहाव्या वर्षी उंची घोडीची सरासरी 1.55 मीटर, नराची 1.60. रंगांत करडा आणि कुमाईत यांना मान. ‘सहाव्या वर्षी’ हे शब्द महत्त्वाचे, कारण हा घोडा उशिरा भरतो. तीन वर्षांच्या बारीक शिंगरावरून नकार देणारा खरेदीदार पुढे हळहळतो. शिंगराची जनकता डीएनएने तपासतात आणि नाव त्या वर्षाच्या अक्षराने सुरू होते. 1998 चे अक्षर ‘आर’, म्हणून 2012 च्या लंडन ऑलिंपिकमधला आल्तेरचा घोडा रुबी.

जन्माच्या वहीत नाव आले म्हणजे विणीचा हक्क मिळाला असे नाही. त्यासाठी परीक्षकांसमोर वेगळी तपासणी असते. डोके-मान, खांदा, छाती-बरगड्या आणि पुठ्ठा यांना साधे वजन. पाठ-कंबर, पाय, चाली आणि एकूण बांधा यांना दीडपट. नराला स्वाराखालीही काम दाखवावे लागते. हा नियम वरकरणी औपचारिक वाटतो, पण जातीचा स्वभाव टिकला तो बराचसा यामुळे. नुसता देखणा घोडा इथे पुरत नाही.

शिक्षणाची सगळी पंचाईत या घोड्याच्या गुणातूनच येते. त्याला अंग गोळा करणे, म्हणजे मागचे पाय पोटाखाली घेऊन भार मागे पेलणे, सोपे जाते, म्हणून ते लवकर मागितले जाते. साधारण साडेतीन वर्षांचा झाल्यावर पाठीवर बसतात. सुरुवातीला दोरावर दोन्ही बाजूंना मिळून पंधरा-वीस मिनिटे पुरे. पहिले वर्ष पुढे आणि सरळ चालण्याचे. हे टाळून मान वळवून घेतली तर तिची कमान दिसते छान, पण पाठ खाली पडते आणि मागचे पाय मागेच राहतात. सर्वांत आधी कदम, म्हणजे साधी चालण्याची चाल, बिघडतो: चार टापांचे समान अंतर जाऊन एका बाजूचे दोन्ही पाय जोडीने पडू लागतात. लगाम लांब सोडून चढावर चालवणे हा खात्रीचा उपाय, पण त्याला महिने लागतात. पियाफ, म्हणजे जागच्या जागी दुडकी, आधी जमिनीवरून शिकवतात: आखूड लगाम, लांब छडीचा मागच्या गुडघ्यापाशी हलका स्पर्श, तीन-चार पावले आणि थांबून शाबासकी. पुठ्ठा वर उडून पुढचे पाय घसटत असतील तर घोडा भार मागे घेत नाही. प्रत्येक पावलाला वीतभर पुढे जाऊ द्यावे. कॅन्टरमध्ये, म्हणजे तीन टापांच्या संथ दौडीत, पाय बदलताना मागचा पाय उशिरा येत असेल तर बहुधा कॅन्टर फार आखूड झालेला असतो. आधी पुढे धावू द्यावे, मग बदल मागावा.

क्रीडा ड्रेसाजने, म्हणजे घोड्याच्या शिकवलेल्या चालींवर गुण देणाऱ्या स्पर्धांनी, आता दुसरा ताण आणला आहे. परीक्षक लांब टप्प्याच्या दुडकीला गुण देतात, तिथे आखूड पाठीचा, पाय उंच उचलणारा लुसितानो मागे पडतो. पियाफ, पॅसाज (उंच, ठाय लयीची दुडकी) आणि जागेवरच्या गिरकीत तो भरपाई करतो. म्हणून काही पागा उंच, लांब अंगाचे नर निवडू लागल्या. लांब पाठीचा घोडा तितक्या सहज बसून काम करत नाही, हे त्या हिशोबात धरलेले दिसत नाही. चौकडीच्या गाडीत मात्र जुन्या ठेवणीनेच बाजी मारली: बेल्जियमचा फेलिक्स ब्रासर 1996 आणि 2006 मध्ये लुसितानोंची चौकडी हाकून जगज्जेता झाला.

थोड्या पूर्वजांवर उभ्या राहिलेल्या जातीची किंमतही आहे. 2009 च्या सुमारास जन्मलेल्या शिंगरांचा सरासरी अंतःप्रजनन गुणांक (आईबाप किती जवळच्या नात्यातले हे दाखवणारा आकडा) 11 टक्क्यांच्या आसपास होता. सावत्र भावंडांच्या मिलनातून तो 12.5 टक्के येतो. प्रसिद्ध नराकडेच सगळ्या घोड्या नेण्याची सवय त्याला हातभार लावते. करड्या घोड्यांत शेपटीखाली आणि गुदद्वाराभोवती मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेतल्या रंगपेशींच्या, गाठी वयानुसार वाढतात, त्या करड्या रंगाच्या जनुकाशी जोडलेल्या आहेत; विकत घेताना शेपूट उचलून पाहणे हे दात पाहण्याइतकेच नेहमीचे असायला हवे. परदेशी नेण्यासाठी पायरोप्लाझमोसिसची रक्ततपासणी सौदा ठरण्याआधीच करावी. गोचिडांतून पसरणारा हा रोग पोर्तुगालमध्ये मुरलेला आहे आणि अमेरिकेसारखे देश बाधित घोडा आत घेत नाहीत.