नोटीस येईपर्यंत बी पडलेलं असतं

मागच्या जूनमध्ये दुसरा पाऊस पडला आणि आठवडाभरात शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली पानं जमिनीला चिकटून बसलेली दिसली. तेव्हा दोन बायका खुरपं घेऊन बसल्या असत्या, तर दुपारपर्यंत काम संपलं असतं. प्लॉटचा मालक सुरतेला. कॉलनीतून त्याला फोन गेला तो पोळ्याच्या तोंडावर, गाजरगवत कमरेला लागल्यावर. त्याने बिचाऱ्याने दुसऱ्याच दिवशी जेसीबी पाठवला. प्लॉट काळाभोर झाला, सगळे खूश. दिवाळीला बघतो तर आधीपेक्षा दाट गाजरगवत.

गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत (नावामागच्या राजकारणात मी पडत नाही), मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं. आपल्याकडे ते पुण्यात १९५५ च्या सुमारास नजरेत आलं. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर बी आलं, असं सर्वसाधारणपणे मानतात. पुढचा प्रवास त्याने आपल्या चाकांवर केला. बी हलकं, वारा नेतो, नाल्याचं पाणी नेतं, मुरुमाचा डंपर तर थेट घरपोच आणून देतो.

या झाडाची खरी ताकद त्याच्या घाईत आहे. उगवल्यापासून साधारण महिना-दीड महिन्यात ते फुलतं. दिवस मोठा की लहान, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ओल मिळाली की झालं. म्हणून सांडपाण्याच्या कडेला ते मार्चमध्येही फुललेलं दिसतं. चांगलं वाढलेलं एक झाड दहा ते पंचवीस हजार बिया टाकतं. त्यात आपली काळी माती त्याला फितूर. वैशाखात तापीकाठच्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वर पडलेलं बी आत घरंगळतं. काही इंच खाली गाडलेलं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं. जेसीबीचं बकेट तेच बी उकरून उजेडात आणतं, शिवाय त्याच्याशी भांडणारं बाकीचं गवतही खरडून टाकतं. म्हणजे मालकाने पैसे मोजून पेरणीच करून घेतली. यंत्राने वरवर कापलं तरी बुंध्यापासून नवे फुटवे येतात, आणि ते बुटकेपणीच फुलतात.

प्लॉटमधलं तण प्लॉटमध्ये राहत नाही, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण पीक नसताना गाजरगवतावर मजेत दिवस काढतो आणि कपाशी उभी राहिली की तिकडे सरकतो. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) रोगाने रडवलंय. त्याचा विषाणू मावा किडीमार्फत पसरतो आणि कितीतरी तणं त्याला आसरा देतात. माणसाला त्रास होतो तो गाजरगवतातल्या पार्थेनिन या द्रव्याचा. कुणाच्या मानेवर, कोपरांच्या खोबणीत खाज आणि चट्टे. काहींना परागकणांमुळे शिंका आणि दमही. जनावर सहसा तोंड लावत नाही, पण चाऱ्यात मिसळून पोटात गेलं तर दूध कडवट होतं.

मग कायदा काय करतो? जळगाव-धुळ्याच्या महापालिकांना १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागू आहे. अमळनेर, चोपडा, शहादा अशा नगरपालिकांना १९६५ चा नगरपरिषद अधिनियम. ढोबळमानाने पद्धत एकच: मोकळी जागा आरोग्याला उपद्रव ठरली की मालकाला नोटीस, मुदतीत साफ केली नाही तर पालिका साफ करणार आणि खर्च मालकाकडून वसूल करणार. तरतूद वाईट नाही. पण तिला दिसते ती माजलेली झाडी. बोटभर रोपाची तक्रार कोण करणार? तक्रार, पाहणी, नोटीस, मुदत या सगळ्याला जेवढे दिवस लागतात तेवढ्यात झाडाची एक पिढी उरकते. देशभरातला गाजरगवत जागृती सप्ताहही १६ ते २२ ऑगस्टला असतो. जूनच्या मध्याला पाऊस धरणाऱ्या खानदेशात तोवर पहिलं बी मातीत गेलेलं असतं.

कर्नाटकाने १९७५ मध्येच गाजरगवताला कायद्याने हानिकारक तण ठरवलं होतं. तिथेही ते आज रस्त्याच्या कडेला डोलताना दिसतं, म्हणजे नुसत्या घोषणेने भागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा २०१४ चा जैवसुरक्षा कायदा मला जास्त शहाणा वाटतो: तण पसरू नये म्हणून काळजी घेणं हे तिथे प्रत्येकाचं कर्तव्य आहे, नोटिशीची वाट बघायची नाही. गाजरगवताच्या पट्ट्यातून येणारी वाहनं आणि यंत्रं धुण्याची सोयही त्यांनी केलेली आहे. आपल्याकडे मुरुमाचा डंपर धुवायला सांगितला तर ड्रायव्हर आपल्यालाच धुईल.

आपल्या बाजूने लढणारा एक जीव मात्र आहे. मेक्सिकन भुंगा, शास्त्रीय नाव झायगोग्रामा. १९८३ मध्ये तो बंगळुरूला आणला, तपासला आणि पुढच्या वर्षी सोडला. पाठीवर पिवळट-पांढऱ्या, तपकिरी रेघा असलेला हा भुंगा आणि त्याच्या अळ्या गाजरगवताची पानं फस्त करतात. कोरड्या दिवसांत तो मातीत दडून राहतो आणि पावसाबरोबर वर येतो. पानं चाळणीसारखी दिसली तर तिथे तणनाशक मारू नका, त्याला जेवू द्या.

दुसरा सोबती तरोटा, म्हणजे टाकळा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याच्या शेंगा गोळा करून बी ठेवायचं आणि पावसाआधी मोकळ्या जागेत फोकायचं. दाट उगवला की तो गाजरगवताला ऊन मिळू देत नाही.

यंदा सुरतेला फोन मृगातच केला. पाऊस पडून माती ओली असताना दोन बायका रोजाने लावल्या, हातमोजे दिले, मुळासकट उपटायला सांगितलं. फुलं नव्हती, म्हणून सगळा ढीग खड्ड्यात टाकून खताला लावला. जेसीबीच्या निम्मेही पैसे लागले नाहीत. रिकाम्या जागेत तरोटा फोकलाय. मालकाचा परवा फोन आला होता, कोवळा असताना भाजीपुरता खुडून ठेवा म्हणाला, रक्षाबंधनाला येतोय.