पेट्रोल येत नाही की करंट येत नाही?

चार महिने ताडपत्रीखाली उभी असलेली पेट्रोलची गोल्फ कार्ट ऑक्टोबरात बाहेर काढली, चार ढांगा टाकून बंद पडली, की मुंबईत निकाल ठरलेला: "कार्बोरेटर गेला", म्हणजे पेट्रोल नि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग बिघडला. मीही एकदा हेच म्हणालो. कार्बोरेटर दोनदा उघडून धुतला. दोष शेवटी सापडला अर्थिंगच्या वायरीत. टोकावर हिरवा थर चढला होता. खाऱ्या हवेचं काम.

पेट्रोल कमी पडो किंवा करंट तुटो, गाडी झटके देते, मिसिंग मारते. बंद कशी पडते ते मात्र नीट ऐका. पेट्रोल कमी पडलं की इंजिन आधी धापा टाकतं आणि पेडल जरा सोडलं की सावरतं. करंट गेला की बटण दाबल्यासारखं एकदम गप्प. गरम झाल्यावर बंद पडून गार झाल्यावर निमूट सुरू होत असेल, तर आधी प्लगच्या ठिणगीला करंट देणारी कॉइल तपासा.

अडखळत असताना चोक, म्हणजे हवा कमी करणारी खुंटी, अर्धा ओढून बघा. सुधारली तर पेट्रोल कमी पोचतंय किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय. काळा धूर सोडून आणखी बिघडली तर पेट्रोल आधीच जास्त आहे.

मग प्लग काढा. बराच वेळ स्टार्टर मारूनही कोरडा असेल, तर पेट्रोल पोचलेलंच नाही. ओला निघाला तर लोक लगेच "ओव्हर झालं", म्हणजे पेट्रोल जास्त झालं, म्हणतात, आणि फसगत होते ती इथेच. फ्लोटची सुई, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत येणारं पेट्रोल थांबवणारी सुई, अडकली तरी प्लग ओला होतो, ठिणगी पडत नसली तरी ओलाच. म्हणून ठिणगी बघायचीच. पण सांडलेलं पेट्रोल पुसून, गिअर न्यूट्रलला टाकून. बऱ्याच कार्टमध्ये पेडल दाबलं की स्टार्टर फिरतो, विसरलात तर गाडी अंगावर येईल. ऑइल मोजायच्या काडीला पेट्रोलचा वास आला, तर सुई नीट करून ऑइल बदलल्याशिवाय इंजिन फिरवू नका.

स्कूटरवर हात बसलेला मेकॅनिक आणखी एका ठिकाणी चुकतो. जुन्या स्कूटरची टाकी कार्बोरेटरच्या वर, पेट्रोल आपसूक उतरतं. कार्टमध्ये ते पंपानं ओढावं लागतं, आणि बऱ्याच कार्टमध्ये तो पंप चालतो इंजिनातल्याच दाबाच्या ठोक्यांवर. ते ठोके एका रबरी नळीतून पंपापर्यंत जातात. नळीला चीर पडली की सपाटीवर गाडी कशीबशी चालते, चढावर जीव सोडते. कार्बोरेटर निर्दोष असतो. नळी वाकवून बघा, चीर सरळ धरल्यावर दिसत नाही.

उभ्या गाडीतलं जुनं पेट्रोलही काढून टाका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं. फ्लोटची वाटी खोलल्यावर तळाशी पाण्याचा थेंब वेगळा डोलताना दिसला, तर त्या दिवशी कार्बोरेटरला शिव्या घालायला हरकत नाही.